दगड एक, हिशेब तीन

भेगा आणि गुहा असलेल्या चुनखडकातून तेल कसं वाहील याचा संगणकावरचा हिशेब, म्हणजे मॉडेल, हा या लेखाचा विषय. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरात ज्यांनी फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये, म्हणजे वाळूच्या प्रयोगशाळेत, काम केलंय, त्यांना या लेखातलं अर्धं गणित हातानं येतं. मोल्डिंगची वाळू नळीत भरायची, रॅमरचे तीन ठोके द्यायचे, की ५०.८ मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा ठोकळा तयार. त्यातून २००० घन सेंटिमीटर हवा, दर चौरस सेंटिमीटरला १० ग्रॅम इतक्या दाबानं सोडायची आणि सेकंद मोजायचे. ३००७ ला त्या सेकंदांनी भागलं की पर्मिएबिलिटी नंबर, म्हणजे वाळूतून हवा किती सहज जाते त्याचा आकडा. ३० सेकंद लागले तर नंबर १००. नंबर फार कमी आला की वायूला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूची छिद्रं, येतात.

वाळूच्या जागी दगड आणि हवेच्या जागी तेल ठेवा, तेलक्षेत्राचं गणित इथूनच सुरू होतं. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी आँरी डार्सी या इंजिनिअरनं वाळूच्या थरांतून पाणी सोडून पाहिलं आणि १८५६ मध्ये नियम मांडला: दाबातला फरक दुप्पट तर प्रवाह दुप्पट, थराची जाडी दुप्पट तर प्रवाह निम्मा. दगडाची पर्मिएबिलिटी त्याच्याच नावानं, डार्सीमध्ये मोजतात. फाउंड्रीतला १०० नंबर म्हणजे सुमारे ३१ डार्सी. तेल धरून बसलेल्या चुनखडकाच्या घट्ट भागाची पर्मिएबिलिटी पुष्कळदा १ मिलिडार्सीच्या आसपास असते, म्हणजे आपल्या वाळूच्या तीस हजारावा भाग. एवढ्या घट्ट दगडातून विहिरीला रोजचं शेकडो घनमीटर तेल कसं मिळतं?

त्याचं उत्तर पुन्हा त्या ठोकळ्यातच आहे. समजा, १०० नंबरच्या ठोकळ्याला वरपासून खालपर्यंत, एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, ०.२ मिलिमीटर रुंदीची चीर गेली. वहीचे दोन कागद एकावर एक ठेवले की होते तेवढी. चिरेनं व्यापलेली जागा ठोकळ्याच्या अर्धा टक्का. पण हिशेब केला तर नंबर १५५ वर जातो, म्हणजे एकूण हवेपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हवा त्या अर्ध्या टक्क्यातून जाते. चीर ०.४ मिलिमीटर केली तर कागदावर नंबर येतो ५३७, आणि पाचातले चार भाग हवा चिरेतून. कारण बारीक भेगेतला संथ प्रवाह रुंदीच्या घनानं वाढतो. रुंदी दुप्पट तर प्रवाह आठपट.

सँड लॅबवाला असा ठोकळा फेकून देतो आणि दुसरा ठोकतो. तेलवाल्याला जमिनीखाली मिळतो तोच मुळी भेगाळलेला, शिवाय ठिकठिकाणी पोखरलेला, आणि बदलून मिळत नाही.

काळा दगड, जांभा आणि चुनखडक

कोल्हापूरच्या पायाखाली चुनखडक नाही. इथं काळा पाषाण, आणि पन्हाळा, राधानगरीकडे माथ्यावर जांभा. पण चुनखडक समजायला हे दोन दगड पुरेसे आहेत. काळ्या दगडाच्या काही थरांत लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूचे फुगे दिसतात. काही रिकामे, पुष्कळसे पांढऱ्या खनिजानं भरलेले. असा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला तरी आतले फुगे कोरडेच राहतात, कारण एका फुग्यातून दुसऱ्यात जायला वाट नसते. उलट जांभ्याच्या चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओता, आतल्या वेड्यावाकड्या नळ्यांतून ते बघता बघता खालच्या अंगाला उतरतं. पोकळी दोन्हीकडे आहे. वाट एकीकडेच आहे.

चुनखडकात हे दोन्ही प्रकार हातभर अंतरावर सापडतात. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि कॅल्शियम कार्बोनेट विरघळवत जातं. पाणी भेगेतून जास्त जातं म्हणून भेगच झिजते; झिजली की रुंदी वाढते, आणि मघाच्या घनाच्या नियमानं ती आणखी पाणी ओढते. शेजारच्या शंभर भेगा तशाच राहतात आणि एकीची गुहा होते. विशाखापट्टणमजवळच्या बोरा गुहा किंवा बस्तरमधली कोटमसर पाहिली असेल तर हे डोळ्यांसमोर येईल. अशा गुहा पुढे किलोमीटरभर गाळाखाली गाडल्या जातात, आणि खालून वर सरकणारं तेल त्यांत येऊन थांबतं. चीनच्या तारीम खोऱ्यातलं ताहे क्षेत्र याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण: ऑर्डोव्हिशियन काळातला, म्हणजे ४४ ते ४८ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक, पाच किलोमीटरहून खोल, आणि तेल मुख्यतः गुहा-भेगांत. इराणच्या असमारी चुनखडकात गुहांपेक्षा भेगांचं राज्य. आपल्याकडे १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचा मुख्य साठाही चुनखडकातच आहे.

नमुना हाती येतो तो नेमका चुकीचा

प्रयोगशाळेत तपासतात तो दगडाचा नमुना साधारण दीड इंच व्यासाचा, दोन-तीन इंच लांब. भेगाळलेला भाग वर काढतानाच तुकडे होऊन जातो, आणि गुहेचा नमुना निघतच नाही. नमुन्यांच्या पेटीत तेवढ्या खोलीची जागा रिकामी राहते. शाबूत निघतो तो सर्वांत घट्ट दगड. म्हणून केवळ नमुन्यांच्या सरासरीवर उभारलेलं मॉडेल सुरुवातीलाच घसरतं, आणि घसरतं ते नेहमी एकाच बाजूला: वाट प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतं.

खरी बातमी ड्रिलिंगच्या नोंदवहीत असते. बोअरवाल्यांच्या भाषेत "रॉड पडला", म्हणजे बिट (दगड कापणारं टोक) अचानक फूट-दोन फूट किंवा काही मीटर खाली गेला, आणि ड्रिलिंगसाठी आत सोडलेला चिखल वर यायचा थांबला, तर खाली पोकळी आहे. किती घनमीटर चिखल गेला, किती वेळात गेला, हे आकडे सोन्याच्या मोलाचे. थोडा थोडा जात राहिला तर भेगा. एकदम गेला तर गुहा. जमिनीत लहरी सोडून काढलेल्या भूकंपलहरींच्या चित्रात गुहा मण्यांच्या माळेसारखी चमकते खरी, पण चित्रातला मणी प्रत्यक्ष गुहेपेक्षा मोठा दिसतो, आणि तीन लहान गुहांचा मिळून एकच मणीही दिसू शकतो. त्यावरून थेट घनफळ काढणं हा महागात पडणारा आळस आहे.

विहिरीच्या भिंतीवर सच्छिद्रता मोजणारी उपकरणंही काळा दगड आणि जांभा यांतला फरक सांगत नाहीत. दोन्हीकडे १० टक्के पोकळी असेल तर आकडा तोच येतो.

अकरा वर्षं की पाच दिवस

आता आकडे घेऊ. दर मीटरला एक, अशा ०.१ मिलिमीटरच्या समांतर भेगा. दगडाच्या घट्ट भागात, ज्याला मॅट्रिक्स म्हणतात, ८ टक्के पोकळी आणि १ मिलिडार्सी. एका घनमीटर दगडात मॅट्रिक्स ८० लिटर धरतो, भेग धरते ०.१ लिटर. पण वाहून नेण्याच्या बाबतीत भेगेमुळे मिळणारी पर्मिएबिलिटी ८४ मिलिडार्सी, मॅट्रिक्सची १. एकाकडे सगळं धान्य, दुसरीकडे सगळ्या बैलगाड्या.

एका विहिरीतून पाणी सोडायचं आणि ५०० मीटरवरच्या दुसऱ्या विहिरीतून तेल काढायचं आहे. दर चौरस मीटरमधून दिवसाला १० लिटर प्रवाह आहे. सगळ्या दगडाची सरासरी काढून एकच माध्यम धरलं आणि पाणी समोरचं तेल पूर्ण ढकलत जातं असं मानलं, तर ते दिवसाला साडेबारा सेंटिमीटर सरकतं आणि पोचायला ४००० दिवस, जवळजवळ ११ वर्षं लागतात. तेच पाणी फक्त भेगेतून गेलं तर दिवसाला १०० मीटर, म्हणजे पाचव्या दिवशी विहिरीत हजर. दोन्ही हिशेबांत दगड तोच, दाब तोच, एकूण प्रवाह तोच. प्रत्यक्षात उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी पडतं, आणि कुठं पडतं ते एकाच गोष्टीवर ठरतं: भेगेतून जाणारं पाणी वाटेत मॅट्रिक्समध्ये किती शिरतं आणि तिथलं तेल किती बाहेर काढतं. या देवघेवीचा वेग हाच सगळ्या मॉडेलिंगचा गाभा आहे. बाकी बरंच काही सिम्युलेटर, म्हणजे मॉडेल चालवणारा प्रोग्रॅम, आपोआप करतो.

सरासरी मुळात का चालत नाही? वाळूत लिटरभराचा नमुना घ्या किंवा पोत्याचा, नंबर तोच येतो. इथं दीड इंचाचा नमुना एक सांगतो, मीटरभराचा दुसरं, शंभर मीटरचा तिसरं. नमुना कितीही मोठा केला तरी आकडा स्थिर होईलच असं नाही, कारण पुढच्या पावलाला गुहा असू शकते. आपल्याकडे पन्नास फुटांवरच्या दोन बोअरपैकी एकाला तीन इंची पाणी आणि दुसऱ्यातून नुसती धूळ निघते, ते याच कारणानं. (पाणाड्याचा नारळ उभा राहतो की नाही हा वेगळा विषय.)

एकाच चौकटीत दोन घरं

१९६० मध्ये सोव्हिएत संघातल्या बारेनब्लाट, झेल्तोव्ह आणि कोचिना यांनी आणि १९६३ मध्ये वॉरन आणि रूट यांनी जी युक्ती मांडली ती आजही पहिली पायरी आहे. दगड म्हणजे साखरेच्या चौकोनी ठोकळ्यांची रास समजा: ठोकळे म्हणजे मॅट्रिक्स, त्यांच्यामधल्या फटी म्हणजे भेगा. मॉडेलमध्ये दगडाचे चौकोनी तुकडे, म्हणजे चौकटी, पाडतात; मग प्रत्येक चौकटीत एक दाब न ठेवता दोन ठेवायचे, भेगेचा आणि मॅट्रिक्सचा. लांबचा प्रवास भेगांतून. मॅट्रिक्स आपल्याच चौकटीतल्या भेगेला तेल देतो, तेही दोघांच्या दाबातल्या फरकाच्या प्रमाणात. मोठ्या मोकळ्या पोकळ्या आल्या की तिसरं घर जोडतात.

या देवघेवीच्या सूत्रात ठोकळ्याच्या आकाराचा एक गुणांक असतो, आणि इथं नवखा माणूस हमखास अडखळतो. बाजू मीटरमध्ये असलेल्या घनाकृती ठोकळ्यासाठी वॉरन-रूट यांचा गुणांक बाजूच्या वर्गानं भागलेले ६०. काझेमी आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा, आज पुष्कळ सिम्युलेटर वापरतात तो, बाजूच्या वर्गानं भागलेले १२. पाचपट फरक. दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोघांनी दाब ठोकळ्यात कसा उतरतो याबद्दल वेगळं गृहीत धरलंय. एका सॉफ्टवेअरमधला आकडा उचलून दुसऱ्यात घातला की ठोकळ्याची बाजू नकळत सव्वादोनपट चुकते, आणि मग ती चूक झाकायला कुणीतरी पर्मिएबिलिटी फिरवत बसतं.

त्याहून मोठी गफलत पुढं आहे. १० मीटरचा ठोकळा, १ मिलिडार्सी, पाण्याइतकं पातळ तेल, आणि दगड व तेल मिळून दाबाखाली जेवढे आक्रसतात तो नेहमीचा आकडा घेतला, तर भेग आणि ठोकळा यांचे दाब जुळायला काझेमीच्या गुणांकानं साधारण १७ मिनिटं लागतात. विहीर बंद करून दाबाची चाचणी घेतली की आलेखावर इंग्रजी व्हीसारखी खळी दिसते, ती याच देवघेवीची खूण. खळीच्या खोलीवरून भेगांचा साठ्यातला वाटा कळतो, ती कधी येते त्यावरून देवघेवीचा वेग. पण दाब जुळणं वेगळं आणि पाण्यानं आत शिरून तेलाला बाहेर काढणं वेगळं. पहिलं मिनिटांत होतं, दुसऱ्याला महिने किंवा वर्षं लागतात, आणि चुनखडक पुष्कळदा तेलाला धरून ठेवणारा असल्यानं पाणी आपणहून आत शिरतही नाही. चाचणीवरून काढलेला गुणांक पाणी सोडण्याच्या अंदाजात जसाच्या तसा वापरला की मॉडेल भरघोस तेल दाखवतं आणि विहिरीत नुसतं पाणी येतं. शिवाय विहीर थेट गुहेतच उतरली असेल तर गुहेतल्या तेलाचा साठा सुरुवातीचे तास असे व्यापतो की ती खळी दिसतच नाही. खळी नाही म्हणून भेगा नाहीत, असा निष्कर्ष मग कागदावर उतरतो.

मोठ्या भेगांना स्वतंत्र जागा

साखरेच्या ठोकळ्यांची रास लहान, दाट भेगांना ठीक. तीनशे मीटर लांबीची एकच भेग दोन विहिरींना जोडत असेल तर तिला राशीत मिसळता येत नाही, ती प्रत्यक्ष मांडावी लागते. पूर्वी तिच्याभोवती चौकटींची जाळी वाकवत बसायचे, आणि दोन भेगा लहान कोनात छेदल्या की सुईसारखे त्रिकोण तयार होऊन गणित अडकायचं. आता सोयीचा मार्ग म्हणजे चौकोनी जाळी तशीच ठेवायची आणि भेगेचं सपाट प्रतल तिच्यात खुपसायचं. भेग ज्या ज्या चौकटीतून जाते तिथं तिचा एक तुकडा होतो, आणि तीन प्रकारच्या जोडण्या लिहायच्या: तुकडा आणि त्याची चौकट, एकाच भेगेचे शेजारचे तुकडे, आणि एकमेकींना छेदणाऱ्या भेगा. प्रत्येक जोडणीची ताकद म्हणजे स्पर्शाचं क्षेत्रफळ गुणिले पर्मिएबिलिटी भागिले सरासरी अंतर.

या पद्धतीचा साधा अवतार एका ठिकाणी फसतो. भेग नंतर कॅल्साइट या खनिजानं भरून बंद झाली असेल तर ती वाट राहत नाही, भिंत होते. पण मूळ चौकटींची आपसातली जोडणी तशीच शिल्लक असल्यानं मॉडेलमधलं तेल भिंतीतून आरपार जातं. अशा भेगा ओळखून ती जोडणी तोडावी लागते. आणि उघड्या भेगासुद्धा कायम उघड्या राहत नाहीत. तेल काढलं की आतला दाब घटतो, वरचं ओझं भेग मिटवतं. रुंदी वीस टक्क्यांनी मिटली तर प्रवाह जवळजवळ निम्मा होतो, पुन्हा तोच घनाचा नियम.

गुहेत डार्सी चालत नाही

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यासारखा कोल्हापुरी बंधारा डोळ्यांसमोर आणा. दगडी खांबांच्या खाचांत लाकडी बर्ग्यांच्या दोन रांगा, मध्ये ठासलेली माती. मातीतून झिरपणारं पाणी डार्सीच्या नियमानं चालतं: पाण्याची उंची दुप्पट तर झिरप दुप्पट. निसटलेल्या बर्ग्याच्या बोटभर फटीतून उसळणाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा. तिथं उंची दुप्पट केली तर प्रवाह जेमतेम १.४ पट होतो, आणि फट दुप्पट केली तर आठपट होत नाही, दुप्पटच होतो. घनाचा नियम केसाएवढ्या फटीतल्या संथ प्रवाहाचा आहे. विहिरीजवळच्या मोठ्या वाटांतही अशीच खळबळ असते, आणि तिथं डार्सीचा सरळ नियम लावला की विहीर कागदावर जास्त तेल देते.

गुहेच्या आत मोकळ्या द्रवाची, स्टोक्सची समीकरणं लागतात. भोवतालच्या दगडात डार्सी. दोन्हींच्या सीमेवर काय घडतं ते वेगळं सांगावं लागतं. ब्रिंकमननं १९४७ मध्ये दिलेल्या एकाच समीकरणात दोन्ही पदं आहेत: दगडात एक पद आपोआप नगण्य होतं, गुहेत दुसरं. त्याचा खरा फायदा अर्धवट भरलेल्या गुहांत. गुहा क्वचितच रिकामी असते; तळाला वाळू, चिकणमाती, छत कोसळून पडलेले धोंडे. अशा भागाला मधली पर्मिएबिलिटी देऊन काम भागतं. पण यासाठी जाळी इतकी बारीक लागते की सगळ्या क्षेत्राचा असा हिशेब परवडत नाही. म्हणून काही मीटरच्या तुकड्यांवर तो करून त्यांची एकत्रित पर्मिएबिलिटी काढतात आणि ती मोठ्या मॉडेलला देतात.

मोठ्या गुहेला मात्र सरळ टाकी मानणं उत्तम. आत दाबाचा फरक नसल्यातच जमा, तेल वर, पाणी खाली, आणि पाण्याची पातळी हळूहळू चढते. विहीर गुहेत ज्या उंचीवर शिरली तिथवर पाणी आलं की तेल बंद, पण त्याच्या वर माळ्यावर तेल शिल्लक राहतं. समजा माळा ४०० चौरस मीटर आणि ५ मीटर उंच. रिकामा असेल तर २००० घनमीटर तेल. धोंड्यांनी भरून ३० टक्केच जागा उरली असेल तर ६००. ताहेमध्ये अशा विहिरींत नायट्रोजन सोडतात. तो वर जाऊन बसतो आणि तेलाची पातळी खाली विहिरीपर्यंत ढकलतो. इथं वायूचं घनफळ खालच्या दाबाला मोजायचं. जमिनीवरच्या घनफळावर हिशेब केला तर चूक शेकडो पटींची.

संगणक कुठं अडतो

एक मीटर त्रिज्येच्या पोकळ नळीची सूत्रानं येणारी पर्मिएबिलिटी १ मिलिडार्सीच्या मॅट्रिक्सपेक्षा एकावर चौदा शून्यं इतक्या पटीनं जास्त भरते. एवढा फरक शेजारशेजारच्या चौकटींत ठेवला की समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम गोंधळतो. त्याची गरजही नसते. गुहेला काही हजार डार्सी द्या, मग दहापट करून पाहा. विहिरीचं उत्तर हललं नाही तर तिथंच थांबा.

दुसरी अडचण वेळेच्या पावलाची, म्हणजे संगणक एका दमात जेवढा काळ पुढं सरकतो त्याची. ५० बाय ५० मीटर, २ मीटर जाडीच्या चौकटीत मॅट्रिक्सची पोकळी ४०० घनमीटर, भेगेची फक्त अर्धा घनमीटर. तिच्यातून दिवसाला १०० घनमीटर जात असेल तर भेगेतला माल दिवसात २०० वेळा बदलतो. साध्या पद्धतीनं पावलं टाकली तर प्रत्येक पाऊल सात मिनिटांचं, आणि हिशेब करायचाय वीस वर्षांचा. म्हणून भेगेतलं पाणी-तेलाचं प्रमाणही पुढच्या क्षणाचं धरून सोडवतात. पावलं लांब टाकता येतात, पण एकाच पावलात भेग तेलानं भरलेली असते ती पाण्यानं भरून जाते आणि गणित हेलकावे खातं. तेव्हा पाऊल अर्धं करून पुन्हा. सिम्युलेटर दर चार पावलांना अर्धं करायला लागला की पाऊल आणखी छाटत बसू नका, कुठली चौकट अडते आहे ते बघा. बहुतेक वेळा एखादा अतिलहान भेगतुकडा निघतो; तो शेजाऱ्यात मिसळला की गाडी धावते.

मॉडेल तयार झालं की जुन्या नोंदींशी जुळवतात: दाब, तेल, पाण्याचं प्रमाण. इथं जुळणं फार सोपं आहे, तोच धोका. ठोकळ्याची बाजू, भेगेची रुंदी, गुहेचं घनफळ असे मोकळे आकडे इतके आहेत की चार वेगळी मॉडेल्स एकाच इतिहासाला बसतात आणि पुढचा अंदाज चार तऱ्हेचा देतात. म्हणून शेवटच्या दीड-दोन वर्षांच्या नोंदी जुळवणीत वापरायच्याच नाहीत, त्या परीक्षेला ठेवायच्या. आणि शक्य असेल तिथं एका विहिरीत ट्रेसर, म्हणजे सहज ओळखू येणारा पदार्थ, सोडून तो कुठल्या विहिरीत, कितव्या दिवशी येतो ते पाहायचं. पाण्याचं प्रमाण तंतोतंत जुळतंय, पण मॉडेलमध्ये ट्रेसर पूर्वेच्या विहिरीत निघतो आणि प्रत्यक्षात उत्तरेच्या, असं झालं तर गुणांक फिरवण्यात वेळ घालवू नये. भेगांचं जाळं मोडायचं आणि ड्रिलिंगच्या नोंदवहीतल्या चिखलाच्या आकड्यांपासून नव्यानं मांडायचं.